वेगळं ताट

दोन हजार नऊ सालचा श्रावण होता. पुण्यात डुकराच्या तापाची बोंब उठली होती. शाळा बंद झाल्या, थेटरं बंद झाली, आणि भोसरीच्या ज्या वर्कशॉपात विलास वेल्डिंगचं काम करायचा तिथली दोन माणसं एकापाठोपाठ एक तापानं पडली. विलासची बायको पंचशीला तेव्हा पोटुशी होती, पाचवा लागलेला. चाळीत सगळ्या खोल्यांना मिळून एक नळ. पाण्याला उभं राहिलं की पुढची बाई खोकायची, मागची शिंकायची. महापालिकेची रिक्षा भोंगा लावून गल्लीतून फिरायची. तोंडाला रुमाल बांधा, हात साबणानं धुवा, गरोदर बायांनी गर्दीत जाऊ नये. पंचशीला दारात उभी राहून ते सगळं कान देऊन ऐकायची.

"गावाकडं जाऊ," विलास म्हणाला. "तितं गर्दी न्हाई, काय न्हाई. माय हाय, अप्पा हायीत. ताप वसरला की मी परत येतो. तू बाळंतपण करूनच ये."

पुणं सोडताना विलास ठणठणीत होता. सोलापूर मागं पडलं आणि त्याचा घसा खवखवायला लागला. त्यानं तोंडावरचा रुमाल घट्ट केला आणि पंचशीलाजवळून उठून मागच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसला. सहा वर्षांची गौतमी मागं जायला निघाली, तसं त्यानं तिला हातानंच आईकडं परत पाठवलं. पंचशीलानं वळून बघितलं. उदगीरला गाडी बदलून, कमालनगरवरून ते कर्नाटकातल्या आपल्या गावी, ठाणाकुशनूरला पोचले तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

फाट्यावर त्याचा बाप व्यंकट उभा होता. साठी ओलांडलेला, अंगानं बारीक, बिडीनं ओठ काळवंडलेला माणूस. त्यानं आधी नातीला खांद्यावर घेतलं, मग लेकाच्या तोंडावरचा रुमाल बघून हसला.

"हे काय रं? कुठं दरोडा घालायला निघालास का?"

"अप्पा, जरा लांबच ऱ्हावा. घसा धरलाय माझा."

"घसा धरला तर माय काढा दील की." आणि व्यंकटनं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली, पाठीवर हात ठेवला, आणि तसाच त्याला घेऊन चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी विलासला फणफणून ताप भरला. अंग मोडल्यासारखं दुखत होतं, खोकला थांबत नव्हता. गावात आशाचं काम करणारी नागव्वा सकाळी दारात आली. पुण्याहून माणसं आलीत हे तिला फाट्यावरच कळलं होतं. ती ओसरीच्या खालीच उभी राहिली.

"हंदी ज्वर असंल अक्का," ती पंचशीलाला म्हणाली. "भिऊ नगा, खरं दवाखान्यात दाखवा. आणि तुमी त्यांच्याजवळ जाऊ नगा. पोटात लेकरू हाय."

"डुकराचा ताप व्हय?" व्यंकट मधेच म्हणाला. "आपल्या गावात काय कमी डुकरं हायीत? आजपतोर कुणाला झाला का ताप?"

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर धारवाडकडचा, तरुण. मोडक्या मराठीत पण नीट समजावून सांगायचा. त्यानं गोळ्या दिल्या. म्हणाला, बहुतेक लोक घरीच बरे होतात. वेगळ्या खोलीत झोपवा, खिडकी उघडी ठेवा, पाणी भरपूर पाजा. त्याचं ताट, त्याचा पेला वेगळा ठेवा. सेवा करणाऱ्यानं तोंडाला फडकं बांधायचं, हात धुवायचे, स्वतः वेळेवर जेवायचं, झोपायचं. धाप लागली, ओठ निळे दिसले, तर घरी थांबायचं नाही, बीदरला न्यायचं.

पंचशीलानं घरी येऊन सगळी व्यवस्था लावली. बाहेरची खोली विलासला दिली. खिडकीला टांगलेलं पोतं काढलं. त्याच्याजवळ जायचं कुणी, तर सासूनं. चांगुणाबाईला साखरेचा आजार होता, पण पोटुशीपेक्षा ती बरी. चांगुणाबाईनं जुन्या लुगड्याची फडकी फाडली, एक तोंडाला बांधायची, बाकीची उकळत्या पाण्यातून काढून वाळत घालायची. मुगाचं कढण, ज्वारीची आंबील, उकळून गार केलेलं पाणी. पंचशीला चुलीपुढं बसून करायची आणि दारापर्यंत आणून ठेवायची. सासू उपाशी राहते हे तिच्या ध्यानात आलं तसं तिनं नेमच केला.

"आत्या, आधी तुमी जेवा. तुमी पडलाव तर कोण करायचं?"

"आगं, त्यो उपाशी हाय आन् मी कशी जेवू?"

"त्यांचं ताट मी वाढून दाराशी ठिवते. तुमी बसा." आणि सासूचा पहिला घास जाईपर्यंत ती हलायची नाही.

विलासचं ताट, पेला आणि कपबशी तिनं वेगळी केली. घरातल्या फळीवर सगळ्यांची भांडी होती, तिथं त्याची कशी ठेवायची? ओसरीच्या बाहेरच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा होता. हाताला येईल असा, मोकळ्या हवेत. तिनं भांडी गरम पाण्यानं धुतली आणि त्या कोनाड्यात पालथी घालून ठेवली. आपण काही चुकीचं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी व्यंकट रानातून मुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आला. गाठोडं ओसरीवर टाकलं, घाम पुसला, आणि त्याची नजर कोनाड्यावर गेली.

"ही कपबशी हितं कुणी ठिवली?"

"मी ठिवलीय मामा," पंचशीला आतून म्हणाली. "त्यांची हाय. डॉक्टरनं येगळी ठिवा म्हणून सांगितलंय."

"आत ने."

"मामा, आत गौतमी हाय, आत्या हायीत. ताप समद्यानला—"

"आत ने म्हणतोय न्हवं?"

एवढ्या वर्षांत सासऱ्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती बाहेर आली, पण कपबशीला हात लावला नाही. व्यंकट हातपाय धुवायला गेला.

दिवेलागणीला चांगुणाबाईनं लेकाला ताट दिलं. विलासला अन्न जात नव्हतं. चार घास खाऊन त्यानं ताट बाजूला सारलं. व्यंकट उठला आणि सरळ त्याच्या खोलीत शिरला. तोंडाला फडकं नाही, काही नाही. लेकाच्या अंथरुणावर बसला, ते उष्टं ताट पुढ्यात ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला.

"अप्पा! काय करायलाव?" विलास उठून बसायला गेला.

पंचशीला उंबऱ्यापर्यंत धावत आली. "मामा, खाऊ नगा! पाया पडते तुमच्या, ते ठिवा!"

व्यंकट सावकाश जेवत राहिला. ताट पुसून घेतलं. मग सुनेकडं बघून म्हणाला, "माझ्या घरात माझ्या लेकाचं ताट येगळं पडणार न्हाई. मी जित्ता हाय तवर तर न्हाईच."

दुसऱ्या दिवशी पंचशीला आणि चांगुणाबाई परसात मुगाच्या शेंगा वाळत घालत होत्या. पंचशीला रात्रभर चिडलेली होती आणि ते तिच्या हाताच्या झटक्यात दिसत होतं.

"कामून असं करतेत मामा? मी काय त्यांच्या लेकाची वैरीण हाय का? शिकलेल्या डॉक्टरनं सांगितलेलं बी ऐकायचं न्हाई म्हंजी काय?"

चांगुणाबाईनं शेंगांचा ढीग हातानं पसरला.

"तू औरादच्या जुन्या बाजारातलं हाटेल बघितलं नसंल," ती म्हणाली. "आता न्हाई ते. तवा हुतं. आपल्या माणसाच्या कपबशा आत नसायच्या. बाहिर कोनाडा हुता, त्यात. आपणच घ्यायची, पुढं धरायची, ते वरून च्या वतायचे. पिऊन झाली की आपणच धुवून परत ठिवायची. ह्यो ल्हान हुता. बापासंगं बाजारला गेलता. बापाला ताप हुता, हात कापत हुते. बशी पडली आन् फुटली. हाटेलवाल्यानं भर बाजारात मारलं त्याच्या बापाला. ह्यो बघत उभा."

पंचशीलानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"तवापास्न बाहिर कुठं च्या पीत न्हाई त्यो. तुझ्या ध्यानात आलं न्हाई का? लग्नात न्हाई, पाव्हण्यात न्हाई. तुमच्या पुण्याला आलता तवाबी, टेसनवर विलासनं इचारलं तर न्हाई म्हणला."

"मला कुणी सांगितलंच न्हाई, आत्या."

"कोण सांगतंय? त्यो बोलत न्हाई. मलाबी त्याच्या मायनं सांगितलं."

पंचशीला उदगीरच्या वस्तीत वाढलेली. बाप नगरपालिकेत कामाला. जयंतीच्या दिवशी माइकवरून असल्या गोष्टी तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण आपल्याच घरात भाकरी खाणाऱ्या माणसाच्या पोटात असली गोष्ट बसलेली असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं उठून कोनाड्यातली भांडी काढली, विलासच्या खोलीत दाराशी एक पाट टाकला आणि त्यावर मांडली. दुपारी व्यंकट आला तेव्हा ती म्हणाली, "मामा, चुकलं माझं. मला ठावं नव्हतं."

"असू दे."

"खरं तुमी जवळ बसताना फडकं तरी बांधा. माझ्यासाठी बांधा."

"मी काय परक्याच्या घरात हाय का तोंड बांधायला?" तो म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. फडकं त्यानं बांधलं नाही. रोज रानातून आला की लेकाच्या उशाला बसायचा, त्याचे पाय दाबायचा, कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवायचा. विलास तोंड भिंतीकडं करून खोकायचा आणि 'जावा अप्पा, जावा' म्हणायचा. पंचशीला दाराबाहेर उभी राहून ते बघायची. त्या म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर काढावं असं तिला वाटे, आणि लगेच तसं वाटल्याची शरमही वाटे.

पोळ्याच्या सुमाराला विलासचा ताप उतरला. अशक्तपणा होता, पण भूक लागायला लागली. घरात जरा हसणं-बोलणं झालं. पंचशीलानं अंथरुणं उन्हात टाकली, विलासचे कपडे उकळत्या पाण्यातून काढले. आणि त्याच दिवशी रानात शेंगा तोडता तोडता व्यंकट बांधावर बसला तो उठेचना. दोन दिवस तो खोकला लपवत होता, हे नंतर कळलं. घरी खोकला आला की परसात जायचा, रानात असला की मोकळ्यानं खोकायचा.

आता बाहेरच्या खोलीत व्यंकट झोपला आणि विलास उशाला बसला.

"माय, तू आत येऊ नगंस," विलासनं सांगितलं. "तुला साखर हाय. मला होऊन गेलंय, मी बघतो अप्पाचं."

त्यानं बापाचं सगळं केलं. अंग पुसलं, कपडे बदलले, चमच्यानं आंबील पाजली. व्यंकट पहिल्यांदा नको नको करायचा. लेकाकडून असलं करून घ्यायची त्याला लाज वाटायची. मग त्याच्यात तेवढी ताकदही उरली नाही. डॉक्टर येऊन गेला, गोळ्या सुरू झाल्या, पण आयुष्यभर बिडी ओढलेली छाती होती ती.

एकदा दुपारी विलास विहिरीवर आंघोळीला गेला होता. गौतमी परसातून पळत आली. मुगाच्या ओल्या शेंगांची तिनं माळ केली होती आणि ती आज्याला घालायची होती. खोलीचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यावर पाय ठेवणार तोच आतून व्यंकट ओरडला.

"तितंच थांब! पुढं पाऊल टाकू नगंस! जा म्हणतोय न्हवं, जा!"

एवढा मोठा आवाज त्या अंगातून कसा आला कोण जाणे. पोरगी दचकली, माळ तिच्या हातातून गळून पडली, आणि ती मोठ्यानं रडत चांगुणाबाईकडं पळाली. ओरडण्यानं व्यंकटला खोकल्याची उबळ आली ती किती वेळ थांबेना. त्यानं टॉवेल तोंडात कोंबून धरला होता.

पंचशीला आवाज ऐकून आली आणि खिडकीबाहेर, जरा अंतर ठेवून उभी राहिली.

"पोरगी रडली का?" व्यंकटनं विचारलं.

"रडली. आता गप हुईल. आत्याजवळ हाय."

"तिला सांग, आजा चिडला न्हाई म्हणून."

"सांगते, मामा."

तो डोळे मिटून पडला. पंचशीलाला वाटलं झोपला. ती जायला वळली तसा तो म्हणाला, "पंचशीला, त्या दिशी म्या तुला लई बोललो."

"जाऊ द्या की. तुमी बोलू नगा आता, दम लागतो."

"न्हाई, आयक. आता तिला थांब म्हटलं. म्हणताना माझ्या जिवाला काय झालं ते मलाच ठावं." त्यानं श्वास घेतला, परत घेतला. "आमाला थांब म्हणणाऱ्यांला असलं काय हुत नसंल. हुत असतं तर त्यांच्यानं म्हणवलंच नसतं. तुलाबी असंच झालं असंल, विलासचं ताट ठिवताना. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

पंचशीलाला खिडकीच्या गजाला हात लावावासा वाटला, तो तिनं आवरला.

"आंबील पिलाव का मामा?" ती म्हणाली.

"घोटभर."

"आणखी दोन घोट घ्या. मी हितंच उभी हाय. तुमचं पिऊन झालं की जाते."

त्यानं थरथरत्या हातानं पेला उचलला, थांबत थांबत प्याला, आणि तिला रिकामा पेला दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला धाप लागली. बोलता येईना. विलासनं ओठ बघितले आणि तो फाट्याकडं पळाला. फाट्यावर दोन जीप उभ्या होत्या. पेशंट कोण हे कळल्यावर एकानं डिझेल नाही म्हणून सांगितलं, दुसरा काही न सांगता गाडी सुरू करून निघून गेला. विलास अमृतप्पाच्या दारात गेला.

अमृतप्पा धनगराचा. आता मेंढरं नव्हती, बागाईत शेती होती, जीप होती. व्यंकटनं तरुणपणी त्याच्या बापाकडं सालगडी म्हणून साल घातलं होतं आणि त्याच्याही आधी, लहानपणी, दोघांनी एकत्र मेंढरं राखली होती. विलास अंगणाच्या कडेला उभा राहून एवढंच म्हणाला, "अण्णा, अप्पाला बीदरला न्यायचंय. दम लागलाय."

अमृतप्पाच्या ड्रायव्हरनं नकाराची मान हलवली. अमृतप्पानं त्याच्याकडून किल्ली घेतली, उपरणं तोंडाला गुंडाळलं आणि स्वतः गाडीत बसला. घरातून बायको ओरडत होती, कन्नडात त्याला वेडा म्हणत होती. त्यानं ऐकलं नाही.

व्यंकटला मागच्या सीटवर आडवं केलं. चांगुणाबाई जीपच्या दाराला धरून उभी होती.

"मी येते. मला बसू दे."

"माय, तितं एकालाच आत सोडतेत," विलास म्हणाला. "तू आजारी पडलीस तर मी कुणाकुणाकडं बघू? आणि पंचशीलाजवळ कोण हाय? अप्पा बरे झाले की आणतो की मी."

चांगुणाबाईनं पाण्याची बाटली आत दिली. नवऱ्याच्या पायावरची चादर नीट केली. व्यंकटनं तिच्याकडं बघितलं, हात जरासा उचलला. जीप निघाली. धूळ बसेपर्यंत ती रस्त्यावर उभी होती. पंचशीलानं तिला घरात आणलं.

बीदरच्या मोठ्या दवाखान्यात ह्या तापाचा वॉर्ड वेगळा होता. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. विलास तोंडाला मास्क लावून बापाच्या उशाला बसून राहिला. अमृतप्पा दवाखान्याच्या आवारात जीपमध्येच राहिला, घरी गेलाच नाही. विलास बाहेर आला की त्याच्यासाठी आणलेली इडली बॉनेटवर ठेवायचा आणि मागं सरून विचारायचा, "काय म्हणतोय व्यंकट?" विलास मान हलवायचा. मग अमृतप्पा म्हणायचा, "तू खाऊन घे आधी. खाल्ल्याबिगर आत जाऊ नगंस."

गावात गणपती बसलेले होते त्याच दिवसांत व्यंकट गेला. शुद्धीत नव्हता.

त्याला गुंडाळूनच ताब्यात दिलं. गुंडाळलेलं सोडू नका, आंघोळ घालू नका, लगेच अंत्यविधी उरका, असं सांगितलं. जीप परस्पर गावाबाहेरच्या मसणवट्यात आली. निरोप पुढं गेला होता, खड्डा खणून तयार होता. विहारात रोज पन्नास-साठ माणसं वर्षावासाच्या वाचनाला बसायची, त्यातली मोजकीच आली, आणि ती बाभळींच्या सावलीत एकमेकांपासून लांब लांब उभी होती. पंचशीला सासूला धरून आली होती. गौतमीला नागव्वाच्या घरी ठेवलं होतं.

चांगुणाबाईनं घरून हंडाभर ऊनपाणी आणायला लावलं होतं. नवं धोतर काखेत होतं.

"माय, सोडायचं न्हाई," विलास म्हणाला.

"फक्त तोंडावरनं हात फिरवते. आंघोळ तरी घालू द्या. असा कसा जाईल त्यो?"

"न्हाई, माय."

ती पुढं झाली. विलास तिच्या आडवा आला. पंचशीलानं मागून तिला कमरेला धरलं. पोटातल्या बाळाला धक्का लागेल म्हणून चांगुणाबाई जोर करेना, आणि पंचशीला सोडेना. दोघी तशाच त्या तापलेल्या जमिनीवर बसल्या. पांढरं धोतर विलासनं लांबून त्या गुंडाळलेल्या देहावर पसरलं. मग उभ्या माणसांनी जागच्या जागी हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हटलं. आवाज एकत्र लागत नव्हते, वारं ते इकडंतिकडं नेत होतं.

अमृतप्पा खांदा द्यायला पुढं आला होता. विलासनं त्यालाही थांबवलं. "अण्णा, तुमी आधीच लई केलाव. आता हात लावू नगा. तुमच्या घरात नातवंडं हायीत."

अमृतप्पा थांबला. उपरण्यात तोंड धरून तो लहान मुलासारखा रडला. माती लोटून होईपर्यंत कुणी त्याच्याजवळ गेलं नाही, त्यानंही कुणाला बोलावलं नाही.

घरात आणखी कुणाला ताप आला नाही. अमृतप्पालाही आला नाही. त्या दिवसांत नागव्वा रोज ओसरीच्या खाली उभी राहून विचारून जायची. शेजारची लक्ष्मम्मा सकाळ-संध्याकाळ भाकरीचं टोपलं दाराशी ठेवायची आणि 'ठिवलंय गं' म्हणून ओरडून परत फिरायची. मग हळूहळू माणसं बसायला यायला लागली. जो येई तो व्यंकट किती चांगला होता ते सांगे, आणि चांगुणाबाई कोरड्या डोळ्यांनी ऐकून घेई. ती कामं करायची, नातीला जेवू घालायची. पंचशीलाशी मात्र लागेल तेवढंच बोलायची.

दसरा झाल्यावर विलास पुण्याला परत गेला. जायला पाहिजेच होतं, काम धरून ठेवलेलं नव्हतं कुणी. फाट्यावर कुणी पोचवायला गेलं नाही. गौतमीचं नाव गावच्या शाळेत घातलं. पंचशीलाला आता जड झालं होतं. खाली बसलं की उठताना हात टेकावा लागायचा.

एका दुपारी दोघी ओसरीवर मूग पाखडत होत्या. पंचशीलानं सूप खाली ठेवलं. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं तिनं बोलून टाकलं.

"आत्या, त्यांचं ताट म्या येगळं ठिवलं. कोनाड्यात म्या ठिवलं. ठिवलं नसतं तर मामा त्या ताटात जेवले नसते. तुमी मला बोलत का न्हाई? येकदा बोलून टाका की."

चांगुणाबाईनं तिच्याकडं बघितलं. फार दिवसांनी नीट बघितलं.

"तू ठिवलं नसतंस तरी त्यो लेकाजवळ बसलाच असता," ती म्हणाली. "सांगून ऐकणारा माणूस नव्हता त्यो. त्याला लेकाजवळ बसायचं हुतं, बसला. तू केलंस ते बरोबरच केलंस. तुझं पोट वाचलं, माझं पोरगं वाचलं. मला कळतंय ते समदं."

तिनं मुगातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"खरं मलाबी बसायचं हुतं की गं त्याच्याजवळ. तुमी कुणी बसू दिलं न्हाई."

आणि चांगुणाबाई रडायला लागली. जीप गेली त्या दिवसापासून आज पहिल्यांदा. आवाज न करता, हातातल्या मुगावर टिपं पडत होती. पंचशीला हात टेकून उठली, सुपाला वळसा घालून सासूच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली. गौतमी शाळेतून आली, दोघींना तसं बघून दारातच थांबली, मग दप्तर ठेवून मधे येऊन बसली.